सोयऱ्यांच्या गर्दीतली तार

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, वरची ताई त्या जांभळ्या नळीत काय शोधते?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि माझं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. फोनवर मला तसंही क्रमानं बोलता येत नाही. मध्येच कुणीतरी आजोबांना दात काढून दाखवायला सांगतं आणि तेही लगेच दाखवतात. म्हणून हे लिहून काढते. सावकाश वाचा.

आधी ताईबद्दल. आपल्या कारंजाच्या घरात जिन्यावरच्या खोलीत राहते ती. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायची, त्या माझ्या शेवटच्या वर्षांत ती अकरावीला आली, मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरून. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि होळीच्या आसपास परततात. मधले महिने घराला कुलूप. त्यामुळे ती आधी वसतिगृहात राहिली आणि पुढे पीएच.डी.ला लागली तेव्हा आपल्याकडे आली. आजोबांची तिला अट एकच होती: संध्याकाळी त्यांच्याबरोबर बातम्या पाहायच्या आणि बातम्यांशी त्यांच्याइतकंच भांडायचं.

आजोबांचं कामरगावचं बियाण्यांचं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्या जन्माआधीच त्यांनी ते बंद केलं. पण ताईला ते पक्कं आठवतं, कारण तिच्या वडिलांनी तिथूनच तूर नेलेली.

"आबा, तुमच्या दुकानातलं बियानं आमच्या वावरात अर्धंच उगवे," असं तिनं पहिल्याच आठवड्यात आजोबांना ऐकवलं.

"तुमचं वावर मुरमाड. त्याले मी काय करू? बियान्याच्या पोटात जाऊन पाहू काय?"

"तुमी नोका जाऊ. मी जाते."

आणि ती खरंच गेली. तिच्या संशोधनाचा विषय हाच आहे. वायूतून वीज पाठवली की वायू उजळतो, तसा उजळलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. तो बियाण्यावरून थोडा वेळ फिरवला तर काही बियाणी लवकर आणि जास्त उगवतात, असं जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. का उगवतात, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. ताईचं म्हणणं असं, की आधी त्या उजळलेल्या वायूत विद्युतभारित कण किती आहेत ते तरी नीट मोजू, मग पुढचं बोलू.

मोजायचं साधन अगदी साधं आहे: एक बारीक तार. इंग्रजीत तिला प्रोब म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. काचेच्या नळीत आर्गॉन वायू भरतात आणि वीज सोडतात. नळी जांभळी उजळते. आत काही अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन निसटलेला असतो. असा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. त्याच्यावर धन भार असतो. तारेला ऋण भार दिला, की आयन तिच्याकडे ओढले जातात, तारेतून बारीकसा प्रवाह वाहतो, आणि त्या प्रवाहावरून आसपास आयन किती असतील याचं गणित मांडता येतं. ज्यांचा इलेक्ट्रॉन जागेवर आहे, अशा बाकीच्या असंख्य अणूंना तारेशी काही देणंघेणं नसतं. ते आपापल्या जागी भटकत राहतात.

हे गणित मुळात विरळ वायूसाठी केलेलं. त्यात असं धरलेलं असतं, की तारेच्या जवळ आलेला आयन मध्ये कुठेही न अडखळता सरळ तारेवर येऊन पडतो. नळीतली बहुतेक हवा पंपानं काढून टाकली आणि थोडासाच वायू ठेवला, तर ते खरंही असतं. पण शेतकऱ्याचं बियाणं पोत्यानं असतं. पोतं काही निर्वात नळीत घालता येत नाही. बियाण्यावर जो प्लाझ्मा फिरवायचा तो आपल्या रोजच्या हवेच्या जवळपासच्या दाबाचाच हवा. म्हणून ताईला दाब वाढवत वाढवत मोजायचं होतं. आणि तिथेच तिचं घोडं अडलं.

दाब कमी असताना सगळं छान जुळायचं. तिच्याकडे मोजायची दुसरीही एक रीत होती: नळीतून एकूण प्रवाह किती वाहतोय आणि त्या वायूत इलेक्ट्रॉन किती वेगानं सरकतात यावरून निसटलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब करायचा; जितके इलेक्ट्रॉन निसटले, तितकेच आयन. कमी दाबाला तार जे सांगे, तेच नळी सांगे. दाब वाढवला की तार म्हणे, आयन कमी झाले. आणखी वाढवला की म्हणे, फारच कमी झाले. नळी मात्र सांगत राही, तेवढेच आहेत.

तिच्या मार्गदर्शक सरांनी माघाच्या थंडीत तिला सांगून टाकलं, की समितीपुढे जाताना प्रबंधातलं जास्त दाबाचं प्रकरण गाळूया. कमी दाबाचं काम चोख आहे, तेवढ्यावर पदवी मिळेल. समितीची बैठक चैत्रानंतर होती.

त्या दिवशी ती घरी आली, चहा घेतला आणि कप धुवायला घेऊन बराच वेळ नळाखाली धरून बसली.

"पदवी भेटन मॅडम," ती म्हणाली. "पन त्याच्यात बियानं नाई राह्यनार. निर्वात नळीतल्या बियान्याचं मी तांड्यावर काय सांगू?"

मी विचारलं, "आयन वाटेत धडकतात, हे गणितात घेतलंस का?"

"घेतलं ना." तिनं ओल्या बोटानं ओट्यावर एक टिंब काढलं, ती तार. टिंबाभोवती एक गोल काढला. तारेची ओढ त्या गोलाच्या आतच जाणवते. "आयन दोन धडकांच्या मधात जेवढा चालते, तेवढाच जवळजवळ हा गोल हाये. म्हंजे आत आल्यावर तो फार तर एखादवेळा धडकते. त्याच्यानं एवढा फरक पडाले नाई पायजे."

मी तिची आकडेमोड तपासली. चूक सापडली नाही. मग मी माझी जुनी पुस्तकं काढली, धूळ झटकली, दोन दिवस वाचली. तरीही सापडली नाही. आजोबा म्हणाले, "दोघी मिळून त्या तारेले झाडून राह्यल्या, तारेचं काही चुकलंच नसन तर?" आम्ही पुन्हा आकड्यांत डोकं घातलं.

होळी झाली. ऊसतोडीची माणसं ट्रकांतून, टेम्पोंतून परत आली. तांड्यावर दरवर्षी त्यानंतर भंडारा असतो. सगळी आपली माणसं घरी आली, त्याचं जेवण. ताईच्या आईनं निरोप पाठवला: बाईले अन् आबाले घेऊनच ये, नाही तर तूही येऊ नको. तिच्या आईला ती याडी म्हणते. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. आम्ही कारंजाहून एसटीनं मानोऱ्याला गेलो आणि पुढे जीपनं. आजोबा जीपमध्ये पुढे बसले आणि ड्रायव्हरच्या गावातली सगळी भांडणं त्यांनी तांडा येईपर्यंत समजून घेतली.

आता तिथल्या वाढपाची रीत नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मंडपाच्या एका टोकाला तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, पत्रावळींच्या गड्ड्या घेऊन बसतात. ते ताईचे काकाच. ज्याला जेवायचं त्यानं त्यांच्याकडून पत्रावळ घ्यायची आणि पुढे वाढप्यांकडे जायचं. एक गड्डी संपली की तिची सुतळी नाईक शेजारच्या खांबाला बांधतात. आचारी पलीकडे चुलाण्यावर. त्यानं मान वळवून खांबाकडे पाहायचं. सुतळ्या भराभर वाढत असल्या तर माणसं फार आहेत, पुढची कढई चढव. सावकाश वाढत असल्या तर माणसं कमी आहेत, जाळ ओढून घे. माणसं मोजत बसायला नको आणि अन्न वाया जायला नको. नाईकांच्या वडिलांपासून असंच चालत आलंय आणि कधी चुकलं नाही, असं ते अभिमानानं सांगतात.

दुसरी रीत सोयऱ्यांची. मुलीच्या सासरचा किंवा सुनेच्या माहेरचा माणूस समोर आला, तर त्याच्या आधी पत्रावळ हातात घ्यायची नाही. त्याला पुढे घालायचं. मग तो तुमच्या जागेवर जातो आणि तुम्ही थांबता. त्यालाही वाटेत त्याचा सोयरा भेटला तर तो त्याला पुढे घालतो. तांड्यावरचेच लोक असतात तेव्हा हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण एका तांड्यात सोयरे नसतातच. पण यंदा कारखाने लवकर बंद झाले आणि आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांची माणसं एकाच वेळी घरी होती. भंडाऱ्याला चारी बाजूंनी लोक आले. त्यातले निम्मे जेवून झालेले किंवा नुसतेच भेटायला आलेले, मंडपात उभं राहून पाच महिन्यांच्या गप्पा मारणारे.

आजोबांना भूक लागली होती. वांग्याच्या भाजीचा वास मंडपाबाहेरपर्यंत येत होता. ते झपाझप निघाले. मी मागून पाहत होते. नाईकांपासून दहा-बारा हातांवर त्यांना कामरगावचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं.

"शेठ, तुमी इकडं?"

"जेव्याले आलो ना बाप्पा. तुमी कोनाचे?"

"माही पोरगी दिली ना इथं."

झालं. तांड्यात मुलगी दिलेला माणूस म्हणजे तांड्याचा सोयरा, आणि आजोबा तांड्याचे पाहुणे, म्हणजे तांड्याच्या बाजूचे. "मंग तुमी व्हा पुढं," आजोबा म्हणाले. तो माणूस मगापासून खांबाला टेकून उभा होता. जेवायचा त्याचा काही विचार नव्हता. पण आग्रह मोडवेना, म्हणून चप्पल पायात सरकवून, धोतराचा सोगा सावरून तो हळूहळू निघाला. दोन पावलांवर त्याचे व्याही भेटले. त्यानं त्यांना पुढे घातलं. व्याही तर ओट्यावर बसलेले. ते उठले, पाणी प्याले, मग निघाले.

आजोबा माझ्याकडे परत आले तेव्हा त्यांच्या हातात पत्रावळ नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मान देल्ला," ते म्हणाले. "मानानं पोट भरते काय ते पाहून राह्यलो."

असं मंडपभर चाललं होतं. माणसं जेवायला निघत होती, पण नाईकांपर्यंत कुणी धावत पोचत नव्हतं. जो पोचे, तो नुकताच जागचा उठलेला असे. खांबावर सुतळ्या अगदी सावकाश वाढत होत्या. आचाऱ्यानं पाहिलं, माणसं कमी आहेत. त्यानं जाळ ओढून घेतला आणि उरलेली वांगी बाजूला सारून पानाचा डबा उघडला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा लोकांचा मान देऊन झाला आणि भूक उरली. सगळे एकदम आले. भाजी संपली. पोळ्या संपल्या. चुलाण्यात राख. आणि अजून अर्धा मंडप जेवायचा.

याडी पदर खोचून नाईकांपुढे उभी राहिली. नाईक तिचे दीर, पण ती त्या दिवशी दिराला भीत नव्हती.

"सोयरे उपाशी जाऊन राह्यले! काय पाहत होते तुमी?"

"सुतळ्या पाहत होतो, वैनी," नाईक म्हणाले. "सुतळ्या कमी होत्या. मानसं कमी असतीन म्हनलं."

"मंडपात पाय ठेव्याले जागा नाई, अन् मानसं कमी?"

"मंग माह्यापाशी काहून नाई आले?"

"यायले निंगाले ते दुसऱ्याले धाडून राह्यले. तो दुसरा बुडाले मुंग्या आलेला. तो उठन कवा अन् पोहचन कवा?"

ते भांडण तिथेच राहिलं, कारण भांडायला वेळ नव्हता. घराघरातून पीठ आलं. चुलाण्यात पुन्हा लाकडं घातली, पाच-सहा जणी भाकरी थापायला बसल्या आणि वांगी शिजायला वेळ लागेल म्हणून आचाऱ्यानं बेसन कालवलं. मीही बसले. माझ्या भाकरी पाहून एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमच्या हातच्या भाकरीवर जगाचा नकाशा उमटून राह्यला." त्या नकाशाचं पहिलं गिऱ्हाईक आजोबा होते. त्यांनी तो समुद्रासकट खाल्ला.

ताई माझ्या शेजारी थापत होती. एकदम तिचे हात थांबले. ती खांबाकडे पाहत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "मी फकस्त धडक धरली."

मला लगेच कळलं नाही.

"आयन तारेकडे पळून राह्यला, वाटेत साधा अणू भेटला. मी धरलं, ते धडकतीन. पन तो त्याच्याच जातीचा अणू हाये. आर्गॉनचा आयन, आर्गॉनचाच अणू. धडकाची गरजच नाई. नुसतं जवळून जातानी आयन त्याचा इलेक्ट्रॉन घेऊन टाकते."

आता मला कळलं आणि पिठाचा हात मी कपाळाला लावला. ही गोष्ट तिनंही वाचली होती, मीही शिकवली होती, पण निराळ्या धड्यात. आयनानं शेजारच्या अणूचा इलेक्ट्रॉन घेतला, की तो स्वतः साधा अणू होतो आणि जागचा हलला नव्हता तो अणू आयन होतो. भार आता त्याच्याकडे. म्हणजे तारेकडे जायची पाळी त्याची, आणि त्याला शून्यातून निघायचंय. आयनांची संख्या एकानंही कमी झालेली नसते. फक्त पोचणं मंदावतं. तार नाईकांसारखी बसून असते. तिच्यापर्यंत किती आले तेवढंच ती मोजते, आणि आपण आचाऱ्यासारखे म्हणतो, आयन कमी आहेत.

शिस्तीची सवय म्हणून एक सांगून ठेवते. हा दृष्टांत एका जागी लंगडा आहे. तांड्यावर मान देणारा माणूस थांबतो. नळीत मात्र इलेक्ट्रॉन घेतलेला तो अणू तसाच पळत राहतो, कदाचित तारेवर आदळतोही. पण आता तो भारित नाही, म्हणून तार त्याला मोजत नाही. बाकी सगळं तंतोतंत.

"ही देवघेव लय सोपी असते," ताई भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "धडकीपेक्षा किती तरी जास्त वेळा होत असन. म्हंजे आयन मोकळा चालते ते अंतर मी धरलं त्याच्यापेक्षा बरंच कमी. मंग त्या गोलाच्या आत तो एखादवेळा नाई, घडीघडी अडकून राह्यला."

"जळून राह्यली तुही भाकर," याडी तिकडून म्हणाली.

सगळे जेवले. सोयरे उपाशी गेले नाहीत. उलट बेसन-भाकरच चांगली झाली, असं जाताना दोघाचौघांनी सांगितलं. याडीला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे, पण तिच्या कपाळावरची आठी गेली.

पुढचे काही दिवस ताई खोलीतून फार खाली आली नाही. आजोबा एकटेच बातम्यांशी भांडले. मग एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. भाराची देवघेव धरून तिनं सगळं गणित नव्यानं केलं होतं. तार जे सांगत होती त्यावर आता खरी दुरुस्ती बसली आणि जास्त दाबालाही तारेचा आणि नळीचा आकडा एकमेकांच्या जवळ आला. मला फार आनंद झाला. तिला तेवढा झालेला दिसला नाही.

"सर म्हनले, समिती म्हनन, उत्तर ठाऊक होतं म्हनून गनित जुळोलं."

सरांचं चुकलं नव्हतं. मीही समितीत असते तर तेच विचारलं असतं. नुसतं जुळणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी त्या वेळी तूर निवडत होते. हाताला काम असलं की माझं डोकं बरं चालतं. मी म्हटलं, "तांड्यावर सोयरे नसते तर काय झालं असतं?"

"सुतळ्या भराभर वाढल्या असत्या. गर्दी असती तरी."

"मग सोयरे नसलेली गर्दी आण."

तिनं लॅपटॉप मिटला. मग हसली. भंडाऱ्यानंतर पहिल्यांदाच. "हेलियम," ती म्हणाली.

हे सोपं आहे, घाबरू नका. हेलियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन फार घट्ट धरून ठेवतो. आर्गॉनच्या आयनाला तो सहजासहजी द्यायचा नाही. तेव्हा नळीत मुख्यतः हेलियम भरायचा आणि चिमूटभर आर्गॉन घालायचा. नळीत आयन होतात ते बहुतेक आर्गॉनचेच, कारण आर्गॉनचा इलेक्ट्रॉन निसटायला सोपा. म्हणजे धावणारे आर्गॉनचे आणि गर्दी हेलियमची. गर्दी दाटच, धक्के लागतीलच, पण मान कुणी कुणाला देणार नाही. आपलं म्हणणं खरं असेल, तर त्याच दाबाला तारेचं मूळचं, दुरुस्ती न केलेलं मोजमाप या वेळी फार मागे पडायला नको. आणि ते मागेच पडलं, तर आपलं म्हणणं खोटं, आणि ते प्रकरण गाळायचं.

आजोबांना हेलियम हवाय एवढंच कळलं. "बस स्टँडपाशी फुगेवाला राह्यते. त्याले मागू काय?"

"आबा, त्याच्या फुग्यात काय राह्यते ते त्यालेही ठाऊक नाई."

शेवटी सरांनीच नागपूरहून शुद्ध वायूचं सिलिंडर मागवलं. सर मनानं चांगले आहेत. त्यांना पोरीची पदवी वाचवायची होती, तिचं काम बुडवायचं नव्हतं. सिलिंडर टेम्पोतून आलं, कॉलेजच्या फाटकावर उतरलं आणि सरांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत साखळीनं बांधलं गेलं.

प्रयोगाच्या दिवशी तिनं मला बोलावलं. त्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली, तरी आत गेले तेव्हा पंपाच्या तेलाचा वास नवा वाटला. आधी तिनं नुसता आर्गॉन भरला आणि जुनं मोजमाप पुन्हा घेतलं. स्क्रीनवर नळीचे ठिपके जवळजवळ आडवे जात होते आणि तारेचे ठिपके दाबाबरोबर खाली खाली घसरत होते. जुनीच गोष्ट. मग नळी रिकामी केली, हेलियम सोडला, चिमूटभर आर्गॉन घातला आणि वीज दिली. नळीचा रंग पालटला. जांभळा गेला आणि फिकट, गुलाबीसर रंग आला.

तिनं दाब वाढवला. तारेचा ठिपका नळीच्या ठिपक्याजवळ बसला. आणखी वाढवला. जवळच. सर खुर्ची ओढून पुढे आले. ताईचा हात झडपेवर होता आणि ती स्क्रीनकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. आर्गॉनच्या वेळी ज्या दाबाला तार पार खाली गेली होती त्या दाबापर्यंत ताई आली आणि मग तिनं स्क्रीनकडे पाहिलं. ठिपका थोडा खाली सरकला होता. थोडाच. धक्क्यांमुळे जेवढा सरकायला हवा असं तिनं आदल्या दिवशी कागदावर मांडलं होतं, साधारण तेवढाच.

सरांनी दोन्ही वेळचे ठिपके शेजारी शेजारी लावून पाहिले. मग म्हणाले, "परत घ्या. पहिल्यापासून." तिनं परत घेतलं. तसंच आलं. "आता हे प्रकरण मधे नका घालू," सर म्हणाले. मला वाटलं, झालं, गाळायचंच म्हणतात. पण ते पुढे म्हणाले, "शेवटी घाला. समितीला उठताना हेच लक्षात राहिलं पाहिजे."

समितीच्या दिवशी आजोबा सकाळपासून घराच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसले. मी दोनदा म्हटलं, उन्हात बसू नका. ते म्हणाले, ऊन नाई लागून राह्यलं. दुपारी ताई चालत आली, हातात फाइल. फाटकाबाहेर उभी राहून तिनं आधी त्यांनाच सांगितलं.

"ठेवलं आबा. जास्त दाबाचं प्रकरन ठेवलं. वरून म्हनले, आता बियान्यावर करून दाखवा."

"मंग उगवन काय माहं बियानं?"

"ते अजून ठाऊक नाई."

"ठाऊक नाई तं हसून कायले राह्यली?"

 तिनं फोन काढून याडीला लावला आणि त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी सांगू लागली. मला एकच शब्द ओळखू आला, सुतळी. पलीकडून याडीचं हसणं फाटकापर्यंत ऐकू आलं.

नाईक पुढच्या भंडाऱ्यालाही पत्रावळी घेऊन तिथेच बसणार आहेत. ती जागा ते सोडायचे नाहीत आणि त्यांना ती सोडायला लावायची कुणाची इच्छाही नाही. पण याडीनं ठरवून टाकलंय, की एक माणूस पाण्याच्या टाकीवर चढून मंडप पाहील, आणि आचारी खांबाकडे पाहण्याआधी टाकीकडे पाहील. सोयऱ्यांचा मान मात्र जसा आहे तसाच राहणार. तो कमी करा, असं कुणी सुचवलंसुद्धा नाही.

आता आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ट्रे मांडलेत. अर्ध्यांत प्लाझ्मा फिरवलेली तूर, अर्ध्यांत साधी. माती ताईनं तांड्यावरून आणलीय, तीच मुरमाड. कोणता ट्रे कोणता, हे तिनं आजोबांना सांगितलेलं नाही, नाहीतर ते एकालाच जास्त पाणी घालतील. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर जातात आणि वाकून पाहतात. काल खाली आले आणि म्हणाले, एका ट्रेमधे माती जराशी फुगल्यासारखी दिसून राह्यली. कोणत्या, ते त्यांनी ताईलाच सांगायचं ठरवलंय.